पेढी रक्ताची

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा समितीचा आग्रह झाला. विषय माझ्यावरच सोपवला होता. जन्मभर बँकेत काढल्यामुळे मला ‘रक्तपेढी’ या शब्दाचं कायम कुतूहल वाटत आलं. पेढी हा खरं तर सावकारीतला शब्द. तो रक्ताला कसा चिकटला, याची हकीकत थोडक्यात सांगतो.

पूर्वी एकाचं रक्त दुसऱ्याला दिलं की कधी रोगी वाचे, कधी तडकाफडकी दगावे. कारण कुणालाच कळत नव्हतं. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 साली रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला आणि कोडं सुटलं. त्यासाठी त्यांना 1930 चं नोबेल मिळालं. 14 जून हा त्यांचा जन्मदिवस आज जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळतात.

पुढची अडचण रक्त गोठण्याची. 1914 च्या सुमारास सोडियम सायट्रेट मिसळून ती दूर झाली. मग 1937 साली शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रक्त जमा करून ठेवण्याची सोय केली आणि तिला चक्क ‘ब्लड बँक’ असं नाव दिलं. जमा आणि उचल, असा आमचाच व्यवहार!

या इतिहासात मुंबईचंही एक पान आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथल्या काही रुग्णांचं रक्त कोणत्याच गटाशी जुळेना. सर्वांना चालतं असं म्हणतात ते ‘ओ’ गटाचं रक्तही त्यांना चालेना. हाच तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. शहराचं नाव बदललं, तरी या गटाचं नाव तेच राहिलं. या लोकांना फक्त त्याच गटाचं रक्त चालतं.

आपल्याकडे बरीच वर्षं पैसे घेऊन रक्त देणारे असत. गरजेपोटी माणूस आजार लपवून रक्त विकी. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून ही विक्री बंद झाली. आता सगळी भिस्त तुमच्या-आमच्यावर.

अपघात आणि ऑपरेशन यांना रक्त लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. थॅलेसेमियाचं मात्र चटकन लक्षात येत नाही. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याची मुलगी हा आजार घेऊनच जन्मली. तिच्या शरीरात तांबड्या पेशी नीट तयारच होत नाहीत. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, आणि त्यातून साठणारं लोह बाहेर काढायला रोज औषध. एवढं सांभाळून ती बी.कॉम. झाली, नोकरीला लागली. सकाळची लोकल पकडताना तिला पाहिलं तर कुणाला शंकाही येणार नाही.

आता बँकवाल्याचा हिशेब ऐका. दर वेळी एकच पिशवी धरली, तरी वर्षाला सतरा. पंचवीस वर्षांत सव्वाचारशे. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येतं. म्हणजे एखाद्याने अठरा ते पासष्ट, एकही खेप न चुकवता, वर्षातून चारदा रक्त दिलं, तरी 188 पिशव्या होतात. बापाने ठरवलं तरी एकट्याच्या रक्तावर लेक जगवता येत नाही. पण एका सोसायटीतून वर्षाला सतरा जणांनी एकेकदा दिलं, तर एक आयुष्य चालतं.

या पेढीत मुदत ठेव नाही, हेही लक्षात घ्या. तांबड्या पेशी साधारण पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. गणपतीत किंवा जयंतीला शिबिरं भरभरून होतात, ते चांगलंच. पण मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि रुग्णांना तर सुट्टी नसते. म्हणून आपलं शिबीर मे महिन्यात ठेवावं, अशी कार्यकारिणीला माझी सूचना आहे.

लग्न ठरवताना मुला-मुलीने थॅलेसेमियाची रक्ततपासणी जरूर करावी. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते.

माझं वय आता सत्तरीपार. नियमाने माझं खातं बंद झालं आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या आपल्या नातवंडांनी मात्र ते उघडावं. शिबिराच्या दिवशी टेबलाशी बसून फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे.