किल्लारीनंतरची घरं आणि हरवलेलं गवंडीकाम

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवर, तेरणेच्या दोन्ही काठांची गावं पडली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. सरकारी मोजणीप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. किल्लारी, मंगरूळ, सास्तूर, राजेगाव, पेठसांगवी, होळी ही नावं महाराष्ट्राला त्या आठवड्यात पाठ झाली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान होती. एवढ्या ताकदीचे भूकंप जगात दरवर्षी कितीतरी होतात आणि त्यांतल्या बहुतेकांची बातमीही होत नाही. मग इथेच इतकी माणसं का गेली? याचं उत्तर ढिगाऱ्यातच दिसत होतं आणि त्या आठवडाभरात ते सर्वांनी देऊनही टाकलं: दगडामातीच्या घरांनी माणसं मारली. पुढची पाचेक वर्षं जे पुनर्वसन झालं ते या एका निकालावर उभं राहिलं. निकाल अर्धा खरा होता. उरलेला अर्धा तपासला गेला नाही आणि त्याची किंमत बेघर झालेल्यांनी पक्क्या घरात गेल्यावर मोजली, असं मला वाटतं. भ्रष्टाचार, दिरंगाई, निकृष्ट काम हे पुनर्वसनावरचे नेहमीचे आरोप. ते काही ठिकाणी खरेही असतील, पण मूळ दोष त्यांच्या आधीचा आहे: घर तयार करून हाती द्यायची वस्तू मानलं गेलं आणि ते बांधणारं, वाढवणारं, दुरुस्त करणारं गावातलं कसब हिशेबातच धरलं गेलं नाही.

मराठवाड्यातलं जुनं घर खणांवर मोजलं जाई. चार लाकडी खांबांमधली जागा तो एक खण; कुणाचं घर पाच खणांचं, कुणाचं नऊ. खांबांवर तुळया, त्यांवर कडीपाट, त्यावर पाला-काड्यांचा थर आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचं माळवद. या घरात उन्हाळ्याच्या दुपारी बाहेरच्या फुफाट्याचा पत्ता लागत नसे. माळवदावर वाळवणं पडत, उन्हाळ्यात रात्री माणसं झोपत. जाड भिंतीच्या पोटात बळद असे, ज्वारी त्यात राही. घर वाढायचं ते पोरांच्या लग्नागणिक, एकेका खणानं; सुतार, वडार, गवंडी गावातले नाहीतर शेजारच्या गावातले. पण याच घरात दोन जीवघेण्या गोष्टी होत्या. भिंत एकसंध नव्हती. बाहेरच्या अंगाला आणि आतल्या अंगाला दगड रचून मधली पोकळी खडी-मातीनं भरलेली. दोन्ही अंगांना बांधून धरणारा, भिंतीची पूर्ण जाडी व्यापणारा आडवा दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसला की दोन्ही अंगं एकमेकांपासून सुटत. दुसरं, पावसाळ्यापूर्वी माळवदावर दरवर्षी नवी माती पसरायची आणि जुनी तशीच राहायची. वर्षानुवर्षं छताचं ओझं वाढतच जाई. लाकूड महाग झालं तसे खांबही कमी झाले आणि तुळया थेट भिंतीवर टेकू लागल्या. खांबांची चौकट पुरी होती तिथे काही घरांत भिंती ढासळल्या तरी माळवद खांबांवर तोलून राहिलं, हे भूकंपानंतर पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे दोष दगडात कमी होता, रचनेत जास्त, आणि रचना सुधारता येण्यासारखी होती. दगडामातीच्या कमी ताकदीच्या बांधकामाला भूकंपात कसं टिकवावं, याची भारतीय मानक ब्युरोची मार्गदर्शक तत्त्वं (आयएस १३८२८) नेमकी १९९३ चीच आहेत. भिंतीची जाडी आवरा, आरपार दगड ठरावीक अंतरावर घाला, दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून घराभोवती पट्टा फिरवा, छत हलकं करा. यांतली एकही गोष्ट गावच्या गवंड्याच्या हाताबाहेरची नव्हती. पण त्या वेळच्या भूकंप-नकाशात लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्टपासून, किल्लारीची जमीन महिनोन्महिने थरथरत होती, तरीही हे ज्ञान त्या गवंड्यापर्यंत नेण्याचं कुणाला सुचलं नाही.

जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ मध्ये महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. गावांची वर्गवारी झाली. ज्या ५२ गावांत फारसं काही उभं उरलं नव्हतं ती ‘अ’ वर्गात. ती नव्या जागी वसवायची. थोडी गावं ‘ब’ वर्गात. ती जागच्या जागी बांधायची. आणि तेरा जिल्ह्यांत पसरलेली सुमारे दोन लाख तडे गेलेली घरं ‘क’ वर्गात. त्यांना दुरुस्ती आणि मजबुतीसाठी पैसे द्यायचे. स्थलांतर वरून लादलं गेलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ज्या गल्लीतून घरातली पाच-सात प्रेतं काढली त्या गल्लीत पुन्हा राहायला लोकच तयार नव्हते, आणि दगडाची भिंत पाहिली तरी अंगावर काटा येत होता. पण भीतीच्या महिन्यांत घेतलेला निर्णय पन्नास वर्षांसाठी असतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मराठवाड्याचे उन्हाळे काढणाऱ्या माणसाला समोर येईल त्या नकाशाला हो म्हणण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. घरांचा आकार जमिनीवर ठरला: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, सातच्या वर ७५०. ज्याचं जितकं गेलं तितकं त्याला भरून द्यावं, हा यामागचा विचार. परिणाम असा की जुन्या गावातली उतरंड सिमेंटमध्ये घट्ट झाली. एरवी वाटण्या, विक्री, कर्ज, कमाई यांनी ती निदान हलत तरी असते. सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं नाव आणि घरात तीन चुली, अशा कुटुंबाचं काय करायचं हा प्रश्न गावोगाव वादाचा ठरला.

नवी गावं मात्र खरोखर उभी राहिली, काही सरकारी कंत्राटदारांनी बांधली, काही देशभरातून आलेल्या दात्या संस्थांनी. रुंद सरळ रस्ते, एकासारखी एक घरं, शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायत. गुबाळला तर घुमटाच्या आकाराची घरं बांधली. वर वाळवण घालता येत नाही आणि गोल भिंतीला ना कपाट लागतं ना खाट. गावाचा विस्तार पूर्वीच्या कित्येक पट झाला. शेतकऱ्याच्या घराला लागणारा गोठा, कडब्याची गंज, औतं ठेवायची जागा नकाशात नव्हती किंवा घरापासून लांब होती. खेळत्या अंगणाची, ओसरीची, शेजारणीच्या दारात बसून शेंगा फोडण्याची सोय सरळ रस्त्यांच्या रांगांत मोडली, आणि तिचा फटका दिवसभर घरी असणाऱ्या बायकांना अधिक बसला. या सगळ्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. २५० फुटांत संसार मावेना तेव्हा लोकांनी घर वाढवायला घेतलं, कारण मराठवाड्यात घर वाढतंच. सामान कुठून आणलं? जुन्या गावठाणातून. ढिगाऱ्यातले दगड, वाचलेले खांब, दारं बैलगाडी-ट्रॅक्टरनं आली आणि भूकंपरोधक म्हणून बांधून दिलेल्या खोलीला टेकून कुंपणाची भिंत, स्वयंपाकघर, गोठा उभा राहिला, तोही पूर्वीसारखाच, आरपार दगडावाचून, मातीत. रोहित जिग्यासू यांनी २००२ मध्ये नॉर्वेतल्या विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात या गावांचा बारकाईनं अभ्यास आहे आणि हे दगड परत येणं त्यात नोंदलं आहे. ज्या धोक्यासाठी गाव उठवलं तो धोका गावासोबत आला. यात लोकांचा अडाणीपणा शोधणाऱ्यांनी एवढंच विचारावं: त्या वर्षांत गावातल्या किती गवंड्यांना चांगली दगडी भिंत कशी बांधायची ते कुणी शिकवलं? कंत्राटदाराच्या कामावर मजूर म्हणून जे राबले ते माल कालवायला शिकले. दगड तर गुन्हेगार ठरलेला. त्याच्याविषयी शिकवणार कोण?

यावर पहिला आक्षेप वेगाचा आहे आणि तो वजनदार आहे. हजारो कुटुंबं उघड्यावर असताना गवंड्यांच्या शाळा काढत बसायचं का? लातूरचं पुनर्वसन देशातलं तोवरचं सर्वांत मोठं आणि बऱ्यापैकी जलद काम होतं. ज्यांनी ते रेटलं त्या अधिकाऱ्यांचं श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. भूमिहीनांना, त्यांतही दलित वस्तीतल्या अनेकांना, पहिल्यांदाच आखून दिलेल्या प्लॉटवर पक्कं छप्पर मिळालं, हेही खरं. (घर नावावर व्हावं, कबाला मिळावा म्हणून तहसीलच्या पायऱ्या पुढे अनेक वर्षं झिजवाव्या लागल्या, हेही त्याच श्रेयाच्या वहीत लिहायला हवं.) पण वेगाच्या आक्षेपाला त्याच कार्यक्रमात उत्तर आहे, आणि ते ‘क’ वर्गात आहे. तिथे घरं ‘अ’ वर्गाच्या सहा-सात पट. कंत्राटदार नव्हता. नुकसानीप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपये मालकाच्या खात्यावर हप्त्यांनी जमा व्हायचे, काम मालकानं करून घ्यायचं, कनिष्ठ अभियंत्यानं पाहून पुढचा हप्ता सोडायचा. सुरुवातीला ही योजना अडखळली. लोकांना ती कळेना आणि गावांना अभियंते पुरे पडेनात. मग स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं, हजाराहून जास्त गावांत महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. माळवदावरची माती का उतरवायची, तुळई आणि खांब यांच्या कोनात तिरपा आधार का ठोकायचा, हप्त्यासाठी अभियंत्याला कधी बोलवायचं, हे त्या घरोघर सांगत. सरकारी कागद आणि गवंड्याचा ओळंबा यांच्यामध्ये उभं राहणारं माणूस लागतं. ‘अ’ वर्गात ते जवळजवळ नव्हतं.

‘क’ वर्गातून माझ्या म्हणण्याला अडचण आणणारा पुरावाही निघतो. पैसे हातात आल्यावर पुष्कळ कुटुंबांनी जुनं दगडी घर मजबूत केलंच नाही. त्याच पैशात शेजारी विटा-सिमेंटची एक खोली काढली आणि जुन्या घराचं कोठार केलं. म्हणजे निवड दिली तरी लोक सिमेंटच निवडतात, मग जुन्या कसबाचे गोडवे कशाला? माझं उत्तर असं की मुद्दा दगड विरुद्ध सिमेंट असा नाहीच. माळवद जपावं असा आग्रह धरणं म्हणजे दुसऱ्याच्या घराचं संग्रहालय करणं होय. ती खोली मालकानं जागा बघून, सोपा-चुलीचा विचार करून, गावच्या गवंड्याकडून बांधून घेतली; पट्टा कुठून फिरवायचा, सळई कुठे वाकवायची ते त्या गवंड्यानं अभियंत्यासमोर केलं. पुढची खोली बांधताना त्या हाताला थोडं तरी आठवतं. कंत्राटी वसाहतीत किल्ली मिळाल्यावर शिकण्याचं दार बंद झालं. दुसरा प्रश्न दुबळ्यांचा: विधवा, म्हातारी, अनाथ मुलं स्वतः घर कशी बांधणार? नाही बांधणार. त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणी बांधावं. पण थोड्यांची अडचण पुढे करून सगळ्यांचा अधिकार कंत्राटात देणं हा तर्क सोयीचा आहे, न्यायाचा नाही. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर बहुतेक गावांनी स्थलांतराला नकार दिला आणि सुमारे दोन लाख घरं मालकांनी हप्त्यांवर, तांत्रिक देखरेखीखाली बांधली. त्या धोरणामागे लातूरचा अनुभव होता. लातूर जे अर्धवट शिकलं ते कच्छनं पूर्ण वापरलं, असं म्हणता येईल.

आज घरकुल योजनेचा सांगाडा ‘क’ वर्गासारखाच आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. किल्लारीच्या भूमिहीनापेक्षा एकोणीस फूट जास्त. पैसे लाभार्थ्याच्या खात्यात हप्त्यांनी येतात. नांदेडमध्येही २००५ नंतरच्या शहरी गरिबांच्या घरकुलांत झोपडपट्ट्या जागच्या जागी पक्क्या करण्यावर भर राहिला. स्थलांतराचा मोह ओसरला, ही कमाई आहे. पण हप्ता सोडण्याआधी अभियंता बांधकामाचा फोटो अक्षांश-रेखांशासह घेतो, तो घर कुठवर आलं याचा पुरावा म्हणून. भिंतीला पट्टा आहे की नाही, खांब-तुळईच्या सांध्यात रिंगा किती, हे त्या फोटोत दिसत नाही आणि विचारलंही क्वचितच जातं. २००२ च्या नकाशात लातूर धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात गेलं. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नांदेड-परभणीपर्यंत घरं हलली; तेव्हा छपरावरच्या पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड काढून टाका, असं आवाहन प्रशासनानं केलं. सल्ला बरोबर होता. मात्र दगड काढल्यावर वळवाच्या वाऱ्यात पत्रा कशानं धरायचा, कैचीला हुक कसे आणि किती अंतरावर आवळायचे, हे त्या घरात जाऊन दाखवणारा शिकलेला गवंडी किंवा १९९५ सालची ती संवाद सहायक बाई आज कोणत्या खात्याच्या अंदाजपत्रकात आहे, ते ग्रामसभेनं विचारायला हवं.