उपग्रहाला दिसलं, पण गावाला कळलं का?

आपल्या धंद्यातली एक नेहमीची गोष्ट. मॉनिटरिंग चालू असतं, ग्राफ लाल झालेला असतो, अलर्टची मेल वेळेवर सुटलेली असते, आणि तरीही पहाटे सिस्टिम बसते. मग मीटिंगमध्ये कळतं की मेल ज्या ग्रुपला गेली त्यातलं कुणी ती वाचतच नाही. म्हणजे बिघाड दिसला नव्हता असं नाही. दिसला होता, पण ज्याला कळायला हवा त्याला कळला नाही. किंवा कळला, पण त्याच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं.

उपग्रह आणि नैसर्गिक आपत्ती यांचा इतिहास वाचायला लागलं की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. फक्त इथे सर्व्हर पडत नाही, माणसं मरतात. उपग्रह म्हटलं की आपल्याला रॉकेट, काउंटडाउन आणि टाळ्या आठवतात. पण वरून काढलेलं चित्र पुढे कुणाच्या टेबलावर जातं, तिथून कोळ्याच्या होडीपर्यंत कसं पोचतं, हा भाग सहसा कुणी सांगत नाही. आज तोच सांगायचा विचार आहे. उदाहरण घेऊ बंगालच्या उपसागराचं, कारण जगातली सर्वांत जीवघेणी चक्रीवादळं तिथेच झाली आहेत. उपसागराचा आकार नरसाळ्यासारखा, वरच्या टोकाला समुद्र उथळ, किनारा सपाट आणि वस्ती दाट. वादळानं ढकललेलं पाणी जाणार कुठे? गावात.

सुरुवात होते १ एप्रिल १९६० ला. त्या दिवशी अमेरिकेनं टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह सोडला. तो फक्त ७८ दिवस चालला, पण ढग वरून कसे दिसतात हे माणसानं पहिल्यांदाच असं रोजच्या रोज पाहिलं. पुढच्याच वर्षी टायरॉस-३ नं अटलांटिकमधलं एस्थर नावाचं वादळ टिपलं. कुठल्याही जहाजाच्या किंवा विमानाच्या आधी उपग्रहाला दिसलेलं ते पहिलं वादळ.

भारतही फार मागे नव्हता. १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेसाठी आपल्या मुंबईत, कुलाब्याला, एक आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झालं. तिथे आयबीएम १६२० हा कॉम्प्युटर होता. साठच्याच दशकात उपग्रहाकडून थेट चित्रं घेणारं यंत्रही कुलाब्याला बसलं. पद्धत मजेशीर होती. उपग्रह डोक्यावरून जायचा, जाता जाता सिग्नल सोडायचा, आणि खाली फॅक्ससारख्या मशीनवर एकेक रेघ उमटत चित्र तयार व्हायचं. उपग्रह क्षितिजाखाली गेला की संपलं, पुढच्या फेरीची वाट बघायची.

म्हणजे १९७० पर्यंत वादळ दिसण्याची सोय झालेली होती. आणि तिथेच ही गोष्ट अवघड होते.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री, ऐन भरतीच्या वेळी, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळलं. मृतांचा आकडा ३ लाखांपासून ५ लाखांपर्यंत सांगितला जातो. इतके बळी घेणारं दुसरं चक्रीवादळ इतिहासात नोंदलेलं नाही. आता गंमत म्हणा की शोकांतिका, हे वादळ उपग्रहांना दिसलं होतं. रडारवरही दिसलं होतं. रेडिओवर इशाराही गेला होता. नंतरच्या एका अभ्यासाचा अंदाज असा की त्या भागातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांना वादळ येतंय हे माहीत होतं. पण पक्क्या इमारतीत आसऱ्याला गेले ते जेमतेम १ टक्का!

पहिल्यांदा वाचताना वाटतं, काय हे लोक! पण जरा थांबा. पक्क्या इमारती होत्या किती? बेटांवर बहुतेक घरं कुडाची. गुरं सोडून जायचं तर वर्षाची कमाई सोडून जायचं. आणि ‘मोठा धोका’ एवढंच कळलं तर त्याचा अर्थ छप्पर उडेल असा घ्यायचा, की झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी येईल असा? इशारा पोचला होता. त्याचं काय करायचं, ते पोचलं नव्हतं.

ढाक्यात तेव्हा कॉलरा संशोधन प्रयोगशाळा होती. तिथले आल्फ्रेड सॉमर आणि वायली मोझली या दोघांनी वादळानंतर गावोगाव माणसं पाठवून पाहणी केली. त्यांच्या हिशोबानं किमान २,२४,००० माणसं गेली. निम्म्याहून जास्त बळी दहा वर्षांखालच्या मुलांचे होते, आणि लोकसंख्येत ही मुलं होती एक तृतीयांश. ज्याला झाड घट्ट धरून ठेवता आलं तो वाचला, ज्याच्या हातात तेवढी ताकद नव्हती तो गेला. आपत्तीनंतर आरोग्याची शास्त्रशुद्ध मोजदाद कशी करायची, याचं हे सुरुवातीचं आणि फार महत्त्वाचं उदाहरण.

यातून बांगलादेशानं जो धडा घेतला तो तंत्रज्ञानाचा नव्हताच मुळी. १९७२ मध्ये रेड क्रॉसच्या मदतीनं चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. गावागावात स्वयंसेवक, त्यांच्या हातात मेगाफोन, सायरन आणि झेंडे. उपग्रहाचा सिग्नल शेवटी सायकलवरून फिरणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या आवाजात ऐकू येऊ लागला. ओळखीच्या, हे महत्त्वाचं. रेडिओवर कोण बोलतंय ते ठाऊक नसतं, पण शेजारचा पोरगा दारात येऊन ‘काकू, निघा आता’ म्हणाला तर काकू निघतात.

आता आपल्या बाजूचा किनारा बघू. १९ नोव्हेंबर १९७७ ला आंध्रच्या दिविसीमा भागात वादळ घुसलं आणि सुमारे १०,००० माणसं गेली. त्यानंतर भारतात दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे इन्सॅट-१बी. ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर स्पेस शटलमधून तो वर गेला. (आधीचा इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला होता.) सुमारे ३६,००० किलोमीटरवर तो पृथ्वीबरोबरच फिरायचा, त्यामुळे खालून बघितलं तर एका जागी स्थिर. फेरीची वाट बघणं संपलं. वादळ असेल तेव्हा अर्ध्या अर्ध्या तासानं चित्र मिळू लागलं. आपल्याकडे वादळात विमानं पाठवून वारा मोजण्याची पद्धत नव्हती. पण अमेरिकेतल्या व्हर्नन ड्वोराक यांनी सत्तरच्या दशकात एक युक्ती बसवली होती. ढगांची वळकटी किती आवळली आहे, डोळा कसा दिसतोय, यावरून वादळाला १ ते ८ मधला नंबर द्यायचा आणि त्यावरून वाऱ्याचा वेग काढायचा. म्हणजे नुसत्या फोटोवरून ताकदीचा अंदाज. ही पद्धत आजही वापरात आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती अस्सल इंजिनीअरिंग आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तामिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्यावर शंभरेक खास रिसीव्हर बसवले गेले. प्रत्येकाला स्वतःचा कोड. ज्या जिल्ह्याला धोका, त्याच जिल्ह्याचे कोड पाठवायचे. आधी सायरन वाजायचा, मग स्थानिक भाषेत निरोप. वादळात टेलिफोनचे खांब पडले तरी निरोप येणार, कारण तो इन्सॅटवरूनच येतोय! जो उपग्रह वादळ बघतो, त्याच्याच मार्फत ते सांगायचं. मे १९९० मध्ये आंध्रवर पुन्हा तितक्याच तोडीचं वादळ आलं. लाखो लोकांना आधीच हलवलं गेलं. मृतांची संख्या होती ९६७. हा आकडा लहान नाही, पण १० हजारांच्या शेजारी ठेवून बघा.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. उपग्रह आला, जीव वाचले, जय हो. पण मग येतं १९९९.

२९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात पारादीपजवळ सुपर सायक्लोन धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या घरात. १९९० च्या मानानं उपग्रह चांगले होते, कॉम्प्युटर तर कितीतरी पटीनं चांगले. हवामान खात्यानं इशारेही दिले होते. तरीही सुमारे १०,००० माणसं गेली, त्यातली बहुतेक जगतसिंगपूर जिल्ह्यात, एरसामाच्या आसपास. का? ओडिशाच्या एवढ्या लांब किनाऱ्यावर तेव्हा वादळात टिकणारी निवारागृहं होती फक्त २३. जा म्हणून सांगायचं, पण कुठे?

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा पुरावा हाच आहे. कॅमेरा सुधारत गेला म्हणून मृत्यू आपोआप कमी होत गेले असते, तर १९९९ चा आकडा १९९० पेक्षा खाली असायला हवा होता. तो दहापट वर गेला. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते, आणि ती कडी अवकाशात नव्हती. जमिनीवर होती.

ओडिशानं ती कडी पक्की केली. त्याच वर्षी वेगळं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभं राहिलं, पुढच्या दोन दशकांत आठशेच्या वर निवारागृहं बांधली गेली, गावागावात सराव सुरू झाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा सुमारे १० लाख लोक हलवले गेले. मृत्यू पन्नासच्या आत. मे २०१९ मध्ये फनी आलं तेव्हा १२ लाख लोक, सुमारे २६ लाख एसएमएस, चाळीस हजारांहून अधिक स्वयंसेवक. ओडिशात ६४ मृत्यू. प्रत्येक मृत्यू वाईटच, पण १९९९ शी तुलना केली तर हा चमत्कार वाटतो. चमत्कार वगैरे काही नाही, वीस वर्षांचं कंटाळवाणं काम आहे.

याच्या उलट टोकाला म्यानमार. मे २००८ मध्ये नर्गिस वादळ इरावतीच्या मुखाशी घुसलं. बंगालच्या उपसागरातल्या सर्व देशांना वादळाचा सल्ला देण्याची जबाबदारी दिल्लीतल्या आपल्या हवामान खात्याकडे आहे, आणि किमान ४८ तास आधी त्यांनी म्यानमारला कळवलं होतं. तरी १,३०,००० हून अधिक माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. तोच उपसागर, तेच उपग्रह.

आता आरोग्याकडे येऊ, कारण वादळ ओसरल्यावर प्रश्न उरतो पाण्याचा. आठवतेय ना ती ढाक्याची कॉलरा प्रयोगशाळा? रिटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ अनेक वर्षं सांगत होत्या की कॉलऱ्याचा जंतू फक्त माणसातून माणसात फिरत नाही, तो खाडीच्या पाण्यात बारीक प्लवकांना चिकटून राहतो. मग समुद्र तापला, प्लवकं वाढली, आणि ते पाणी भरतीबरोबर आत शिरलं, तर साथ यायला हवी. २००० साली त्यांच्या गटानं उपग्रहाची आकडेवारी तपासली. बंगालच्या उपसागराचं तापमान आणि पाण्याची उंची एकीकडे, बांगलादेशातले कॉलऱ्याचे रुग्ण दुसरीकडे. दोन्हींचा मेळ बसत होता. जंतू उपग्रहाला दिसत नाही, पण त्याला मानवणारं हवामान दिसतं.

पण मला त्याहून भावतो तो त्यांचा दुसरा प्रयोग. प्लवकं जंतूपेक्षा कितीतरी मोठी, मग ती गाळता येतील की! बांगलादेशात मतलब भागातल्या ६५ गावांत बायकांना जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळायला शिकवलं. २००३ मध्ये निकाल छापून आला. कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी. आपल्या आज्ज्या हंड्याच्या तोंडावर फडकं बांधायच्या, त्यात फक्त पदर किती घ्यायचे एवढंच विज्ञानानं सांगितलं. धोका कधी वाढेल ते उपग्रह सांगणार, आणि तो कमी करणार माळ्यावरची जुनी साडी. एकाशिवाय दुसरं अपुरंच.

पूर्व आफ्रिकेतही असंच. रिफ्ट व्हॅली ताप हा डासांमुळे पसरणारा गुरांचा आणि माणसांचा रोग. अतिपाऊस झाला की सखल भागात पाणी साचतं आणि जमिनीत सुप्त पडलेली डासांची अंडी उबतात. उपग्रह हिरवळ मोजतो. पान लाल प्रकाश शोषतं आणि इन्फ्रारेड परत फेकतं, या दोन्हींतला फरक भागिले दोन्हींची बेरीज, एवढं साधं सूत्र. यावरून नासाच्या गटानं २००६ च्या पावसाळ्यात आधीच धोक्याची सूचना दिली. साथ डिसेंबरमध्ये केनियात खरंच आली. अंदाज बरोबर ठरला, पण लस आणि माणसं हलेपर्यंत वेळ निघून गेली होती, आणि शेकडो माणसं गेली.

तुम्ही म्हणाल, हे सगळं दूरच्या गरीब गावांचं झालं. आपलं काय? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईसमोरून गेलं. इशारे काही दिवस आधीपासून टीव्हीवर, फोनवर, सगळीकडे होते. तरी पी-३०५ हा बार्ज समुद्रात राहिला, बुडाला, आणि त्यावरची ७० हून अधिक माणसं गेली. इथे ना कुडाची घरं, ना निरक्षरता, ना नेटवर्कचा प्रश्न. म्हणजे निरोप पोचणं वेगळं आणि त्यावर कुणीतरी ‘काम थांबवा, परत या’ असा निर्णय घेणं वेगळं. हा निर्णय कुठलाही उपग्रह घेत नाही.

२०२३ साली आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम कर्कश आवाज होऊन सरकारचा चाचणी संदेश आला होता. ऑफिसात हशा पिकला असेल, स्क्रीनशॉट फिरले असतील. मला तो आवाज म्हणजे आंध्रच्या किनाऱ्यावरच्या त्या शंभर सायरनांचा नातू वाटतो. यंत्रणेनं तिची कडी आता आपल्या खिशापर्यंत आणून ठेवली आहे. यापुढची कडी आपणच. तेव्हा खरा संदेश येईल त्या दिवशी कुठे जायचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार, आणि गॅलरीतून व्हिडिओ काढत बसलेल्या शेजाऱ्याला आत कोण ओढणार, एवढं तरी या रविवारी जेवताना घरी बोलून ठेवा.

असो. लांबलं जरा. पुढच्या वीकेंडला ‘ढगांना नंबर’ देणाऱ्या ड्वोराकच्या पद्धतीबद्दल नीट लिहीन म्हणतो. पॅटर्न ओळखण्याचा धंदा करणाऱ्यांना ती आवडेल.