रोहिणखेडची घाटवाट : ज्या चढाने दोन लढायांचा निकाल लावला

१/ बुलढाणा शहरातून उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरावर पठार एकाएकी संपते. समोर पूर्णेचे खोरे पसरलेले दिसते आणि सागाच्या जंगलातून मुरमाच्या वाटा खाली उतरू लागतात. खडीवर धावणाऱ्या रुंद चाकांच्या ‘ग्रॅव्हल’ सायकलींसाठीच त्या आखल्या असाव्यात, असे पाहणाऱ्याला वाटावे. ज्या चढावर आज सायकलस्वाराचा श्वास फुलतो, त्याच चढावर एकेकाळी दख्खनच्या राजसत्तांचे भवितव्य ठरले. त्या वाटांचा हा धागा. 🧵

२/ जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडचे दोन भाग येतात : ‘पायनघाट’ म्हणजे घाटाखालचा पूर्णेचा सखल मुलूख आणि ‘बालाघाट’ म्हणजे घाटावरचे पठार. मलकापूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्याही खाली आहे, तर बुलढाणा सुमारे साडेसहाशे मीटरवर. या दोहोंच्या मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड उभी आहे.

३/ ही कड पाण्याचीही वाटणी करते. बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा पूर्वेला वळते आणि गोदावरीच्या खोऱ्यातून तिचे पाणी बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच परिसरातून निघणारी नळगंगा मात्र उत्तरेला उतरते, पूर्णेला मिळते आणि तापीमार्गे अरबी समुद्राकडे जाते. एकाच पावसाचे पाणी कडेच्या अलीकडे पडले की एका समुद्रात, पलीकडे पडले की दुसऱ्या.

४/ आता नकाशा डोळ्यांसमोर आणू या. उत्तरेला फारुकी सुलतानांचे बुऱ्हाणपूर, दक्षिणेला दौलताबाद आणि पुढे अहमदनगर. या दोहोंमध्ये जाणाऱ्या फौजेला ही कड कुठेतरी चढावी लागेच. पश्चिमेला अजिंठ्याचा घाट, पूर्वेला बाळापूर-पातूरची वाट आणि या दोहोंच्या मध्ये आजच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे व रोहिणखेडचा टापू. फारसी बखरकारांनी वारंवार उल्लेखिलेला ‘रोहनखेडचा घाट’ तो हाच.

५/ घाटवाट म्हणजे केवळ चढण्याजोगी जागा नव्हे. पाठीवर गोणी लादलेला बैल अरुंद आणि उभ्या पायवाटेनेही वर जातो. परंतु हत्ती, तोफा आणि हजारो घोडी घेऊन निघालेल्या फौजेला रुंदी हवी, बेताचा चढ हवा आणि मुक्कामाच्या जागी पाणी हवे. काळ्या कातळाच्या या डोंगरात चैत्र-वैशाखात ओढे आटतात. त्यामुळे ज्याच्या हाती वाट आणि पाणवठा, त्याच्या हाती लढाई, असा येथला साधा हिशेब होता.

६/ पहिला प्रसंग १४३७ चा. बीदरच्या तख्तावर अल्लाउद्दीन अहमदशाह बहामनी (दुसरा) होता. त्याची एक बेगम खानदेशच्या नासिरखान फारुकीची मुलगी होती. कोकणच्या मोहिमेनंतर संगमेश्वरच्या राजाची कन्या जनानखान्यात आली आणि आपली उपेक्षा होत असल्याची तक्रार फारुकी बेगमेने माहेरी कळवली. जावयावर रुष्ट झालेला नासिरखान फौजेसह वऱ्हाडात उतरला. बहामनी सुभेदाराला नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडून घ्यावे लागले.

७/ सुलतानाने दौलताबादेहून मलिक-उत-तुज्जार खलफ हसन बसरी यास धाडले. त्याने एक अट घातली : सोबत केवळ ‘आफाकी’, म्हणजे इराण-अरबस्तानाकडून आलेले सैनिक असावेत, दख्खनी सरदार नकोत. अट मान्य झाली. रोहिणखेडच्या घाटात त्याने फारुकी सैन्याचा पराभव केला, पाठलाग करीत बुऱ्हाणपूर लुटले आणि नासिरखानाला धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यापर्यंत रेटले. तेथेही नासिरखान हरला आणि लवकरच मरण पावला.

८/ विजय झाला, परंतु त्याची किंमत पुढे मोजावी लागली. दरबारात आफाकींचा मान वाढला आणि दख्खनी सरदारांच्या मनात अढी बसली. काही वर्षांनी खलफ हसन कोकणच्या मोहिमेत मारला गेला. जे आफाकी सैनिक वाचून चाकणला पोहोचले, त्यांची तेथे कत्तल झाली. आफाकी-दख्खनी वैराने बहामनी राज्य आतून पोखरले, त्या वैराला धार आणणारी एक लढाई या घाटात झाली होती.

९/ दुसरा प्रसंग १५९१ च्या उन्हाळ्यातला. १५७४ मध्ये इमादशाही बुडवून वऱ्हाड निजामशाहीने घेतले होते. आता अहमदनगरच्या गादीवर इस्माईल हा अल्पवयीन सुलतान होता आणि खरी सत्ता जमालखानाच्या हाती होती. जमालखान महदवी पंथाचा, म्हणजे जौनपूरच्या सय्यद मुहंमदांना महदी मानणारा. इस्माईलचा बाप बुऱ्हाण मात्र अकबराच्या आश्रयास होता आणि पोटच्या मुलाकडून गादी घेण्यासाठी निघाला होता.

१०/ मोगल फौज सोबत आणली तर दख्खनी लोक बिथरतील, हे बुऱ्हाण ओळखून होता. त्याने खानदेशच्या राजे अलीखान फारुकीचे साहाय्य घेतले. दक्षिणेकडून विजापूरची आदिलशाही फौज चालून आली. जमालखानाने आधी विजापूरकरांना धाराशिवजवळ हरवले आणि तसाच उत्तरेकडे धावला. एका सेनेचा पराभव करून दुसरीला गाठण्याचा हा डाव धाडसी होता. त्यात एकच त्रुटी होती : मध्ये रोहिणखेडचा घाट होता.

११/ घाट शत्रूने रोखला होता. जमालखानाला आडवाट धरावी लागली. चढउतार अवघड, ऊन प्रखर आणि पाणवठे विरोधकांच्या ताब्यात. तहानेने व्याकूळ झालेल्या फौजेला विश्रांती न देता त्याने लढाई अंगावर घेतली. ऐन रणात त्याला गोळी लागली आणि तो कोसळला. फौज उधळली, मुलगा कैद झाला आणि बाप ‘दुसरा बुऱ्हाण निजामशाह’ म्हणून गादीवर बसला. महदवींचे वर्चस्व संपले आणि त्यांचा छळ सुरू झाला.

१२/ हा निकाल अहमदनगरला लाभला नाही. १५९५ मध्ये बुऱ्हाण वारला, वारसाहक्काचे तंटे पेटले आणि मोगल चालून आले. चांदबिबीने किल्ला लढवला. परंतु १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. रोहिणखेडचा विजेता राजे अलीखान पुढच्याच वर्षी गोदाकाठी सोनपेठजवळ मोगलांच्या बाजूने लढताना पडला.

१३/ रोहिणखेडात या काळाची एक खूण उभी आहे : १५८२ च्या सुमारास खुदावंतखान महदवी याने बांधलेली दगडी मशीद. एका महदवी सरदाराने ती उभारली आणि दशकभराच्या आत त्याच परिसरात महदवी सत्तेचा शेवट झाला. वाटेवरच्या गावाचे भाग्य कसे पालटते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

१४/ तथापि लढाया वर्षा-दोन वर्षांच्या. वाट मात्र बारमाही. या घाटांचे खरे धनी बंजाऱ्यांचे तांडे होते. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते कोकणकिनाऱ्यापासून वऱ्हाडापर्यंत व्यापार चालवीत आणि फौजांना रसदही पुरवीत. बखरींत त्यांची नावे नाहीत. पण वाटा मळल्या त्या त्यांच्याच बैलांच्या खुरांनी.

१५/ १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे सर्वांचे डोळे लागले. पायनघाटातून रेल्वे आली; १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उपस्थित होता.

१६/ आता प्रश्न बदलला. फौजेने कुठून चढावे हे नव्हे, तर कापसाच्या गाड्यांनी स्थानकापर्यंत कुठून उतरावे, हे महत्त्वाचे झाले. बैलाच्या पाठीला चालणारा उभा चढ गाडीच्या चाकाला चालत नाही. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमची पद्धत, म्हणजे फोडलेल्या खडीचे थर दाबून सडक बांधणे, येथेही आली. ज्या घाटाला खडी मिळाली तो वाहता राहिला. ज्याला मिळाली नाही, तो गुराख्यांपुरता उरला.

१७/ म्हणूनच मलकापूर आणि खामगाव वाढले आणि दोन सुलतानांचे भवितव्य ठरवणारे रोहिणखेड खेडेच राहिले. त्याचा दोष कुणा राजाचा नव्हता. खडीच्या एका थराचा तो फरक होता.

१८/ विसाव्या शतकात नळगंगा आणि पलढग येथे धरणे झाली आणि डोंगराच्या कुशीत जलाशय साचले. १९९७ मध्ये बुलढाणा-खामगाव दरम्यानच्या जंगलाला ज्ञानगंगा अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ तेलंगणासह कित्येक जिल्हे ओलांडत, तेराशे किलोमीटरहून अधिक भटकून, याच जंगलात येऊन विसावला. ‘वॉकर’ म्हणून तो ओळखला गेला. त्याला हवे होते ते सर्व या डोंगरात होते : आडोसा, पाणी आणि वाट.

१९/ खडीच्या वाटांवरची सायकलस्वारी जगात अलीकडेच रुळली. अमेरिकेच्या कॅन्ससमधील तिची नावाजलेली शर्यत प्रथम भरली ती २००६ मध्ये. या डोंगरातल्या वाटा त्याहून कितीतरी जुन्या आहेत. अभयारण्यातील वाटांवर वनविभागाची परवानगी हवी, आणि उन्हाळ्यात सोबत मुबलक पाणी हवे. ही दुसरी सूचना जमालखानाला कुणी दिली असती, तर कदाचित निजामशाहीचा इतिहास वेगळा झाला असता.

२०/ गडांना तट असतात, दरवाजे असतात, माहितीचे फलक असतात. घाटवाटेला यांपैकी काहीच नसते. ती चालली तरच टिकते आणि चालणे थांबले की दोन-चार पावसाळ्यांत झुडपांखाली जाते. रोहिणखेड, धामणगाव बढे आणि मोताळ्याच्या वडीलधाऱ्यांना या वाटांची नावे, त्यांवरचे झरे आणि मुक्कामाच्या जागा अजून ठाऊक असतील. त्यांची नोंद करण्याचे काम पुढच्या पिढीकडे आहे, आणि त्यासाठी वेळ फार उरलेला नाही.

धागा समाप्त.