तो अंडी खातोय की वेचतोय?

मित्रहो, आजचा विषय ऐकून काही जण हसले असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस माशाच्या अंड्यांवर काय बोलणार? पण या विषयाकडे मी एका चुकीमुळे आलो, आणि ती चूक माझ्याच स्वयंपाकघरातल्या ओट्यावर झाली. तिथूनच सुरुवात करतो.

नातवानं एक लाल फायटर आणला होता. तोच तो, बाजारात प्लास्टिकच्या पिशवीत किंवा छोट्या बरणीत एकटा ठेवलेला असतो, ज्याला इंग्रजीत बेट्टा म्हणतात. सुट्टी संपली, नातू गेला आणि मासा माझ्याकडे राहिला. काही दिवसांनी पाण्यावर, काचेच्या कडेला फेस जमलेला दिसला. मला वाटलं, पाणी खराब झालं. मी ते बदललं. दोन दिवसांत फेस परत. परत बदललं. मग शेजारच्या एका मुलानं सांगितलं, "आजोबा, ते त्याचं घरटं आहे!" त्याच मुलानं एक मादी आणून दिली, मोठ्या टबात दोघांची जोडी लावली. एके दिवशी दुपारी बघतो तर फेसाखाली पांढरे कण, आणि नर ते कण तोंडात घेत होता. मी घाबरलो. पिल्लं खाणारा बाप! जाळीनं त्याला उचललं आणि वेगळ्या बरणीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सगळे कण तळाशी पडलेले होते, आणि त्यांच्यावर कापसासारखी बुरशी आली होती. एकही पिल्लू झालं नाही.

अपराधी वाटून मी वाचायला बसलो. तेव्हा कळलं की या चुकीत मला मोठी सोबत आहे.

1869 साली पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए नावाच्या मत्स्यपालकाकडे चीनमधून काही मासे आले. ते फायटरचे भाऊबंद, ज्यांना पुढे पॅराडाइज फिश म्हणू लागले. कार्बोनिएनं ते काचेच्या टाकीत ठेवले आणि तासन्‌तास बघत राहिला. नरानं हवा आणि तोंडातली लाळ मिसळून फेसाची चकती केली. मादीनं अंडी सोडली. नरानं ती तोंडात गोळा केली, आणि कार्बोनिएच्या पोटात गोळा आला; त्यालाही वाटलं, हा खाणार! फरक एवढाच की त्यानं जाळी उचलली नाही. तो थांबला. नरानं अंडी फेसात नेऊन ठेवली, राखण केली, फुटलेला फेस पुन्हा भरला आणि पिल्लं निघाल्यावर त्यांनाही सांभाळलं.

ही हकीकत आपल्यापर्यंत येते ती डार्विनमुळे. 'द डिसेंट ऑफ मॅन'च्या 1874 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यानं ती दिली आहे, कार्बोनिएच्या भीतीसकट. का दिली, हेही बघण्यासारखं आहे. काही माशांचे नर अंडी तोंडातच उबवतात. एवढी विचित्र सवय एकदम कशी लागेल, असं उत्क्रांतीचे विरोधक विचारणार हे त्याला ठाऊक होतं. तोंडानं अंडी वेचून फेसात ठेवणारा बाप ही त्याला मधली पायरी वाटली. एका घाबरलेल्या माणसाचं निरीक्षण केवढ्या मोठ्या वादात साक्षीदार झालं!

माशांमध्ये बाप राखण करतो, ही गोष्ट युरोपला खरं तर नवी नव्हती. ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं होतं की ग्लानिस नावाच्या नदीतल्या माशाचा नर चाळीस-पन्नास दिवस अंड्यांपाशी थांबतो आणि इतर माशांना हाकलतो. शतकानुशतकं विद्वानांनी याकडे दंतकथा म्हणून पाहिलं. एकोणिसाव्या शतकात लुई अगासीनं ग्रीसमधल्या आखेलोस नदीतून मासे मागवले, तेव्हा ॲरिस्टॉटल खरा ठरला. त्या जातीच्या शास्त्रीय नावात आज त्याचंच नाव आहे. आम्ही वर्गात त्याचं तत्त्वमीमांसेवरचं लिखाण शिकवायचो, मासे वगळून. आता वाटतं, उलट करायला हवं होतं.

आता खुद्द फायटरकडे वळू. हा मासा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. भातखाचरं, उथळ दलदली, कमी प्राणवायूचं पाणी हे त्याचं घर. त्याला कल्ल्यांखेरीज हवा घेण्याचा वेगळा अवयव आहे, म्हणून तो वर येऊन श्वास घेतो. फेसाचं घरटंही त्याचसाठी: खालच्या पाण्यात प्राणवायू नाही, म्हणून अंडी हवेला खेटून ठेवायची.

युरोपीय शास्त्रात त्याची नोंद केली डॅनिश डॉक्टर थिओडोर कँटरनं, 1849 साली, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. कँटर कंपनी सरकारच्या नोकरीत होता, पेनांगला राहिलेला. सयामात माशांच्या झुंजींचं वेड किती होतं, त्यावर पैजा कशा लागत आणि झुंजींच्या परवान्यातून राजाला किती महसूल मिळे, हे त्यानं लिहिलं. पण त्यानं हा मासा पेनांगच्या दुसऱ्या माशाबरोबर एकाच नावाखाली घातला. ते दोन वेगळे आहेत हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या चार्ल्स टेट रेगननं ओळखलं आणि 1910 साली त्याला 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हे नाव मिळालं. म्हणजे एकसष्ट वर्षं हा मासा शास्त्रात दुसऱ्याच्या नावावर जगला.

सयामी माणसाला मात्र अशी अडचण कधी आली नाही. त्याच्याकडे नाव होतं: प्लाकट, म्हणजे चावरा मासा. आणि अंडी कोण वेचतो, मादीला कधी बाहेर काढायचं, हेही माहीत असणारच, कारण त्याशिवाय पिढ्यान्‌पिढ्या पैदास होत नाही. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानं या माशाच्या पाळीव होण्याचा काळ निदान एक हजार वर्षं मागे नेला आहे. हजार वर्षं! आणि त्या पहिल्या पाळणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याकडे नाही. 2019 मध्ये थायलंडनं त्याला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं, ठीक आहे. पण मला त्या निनावी शेतकऱ्यांची आठवण जास्त येते.

बघा, स्पिरिटच्या बाटलीतल्या माशाचे पंख मोजता येतात, खवले मोजता येतात. अंडी तोंडात घेतल्यावर तो काय करतो, हे बाटली सांगत नाही. ते फक्त त्यालाच कळतं, ज्याच्या घरात तो मासा जिवंत आहे आणि ज्याला घाई नाही. नैयायिक शिंपल्याच्या जागी चांदी दिसल्याचं उदाहरण देतात. मी चाळीस वर्षं ते फळ्यावर लिहिलं, आणि स्वतःच्या टबात आईपणाच्या जागी, चुकलो, बापपणाच्या जागी, मला भूक दिसली.

आता ओळखायचं कसं, हे विचारणारी चिठ्ठी आली आहे. सांगतो. नुसता फेस म्हणजे अंडी नव्हेत. एकटा नरही फेस करतो. बुडबुडा पारदर्शक असतो, आरपार दिसतो. अंडं पांढरं, अपारदर्शक, साधारण खसखशीच्या दाण्याएवढं. बाकी बऱ्याच माशांची अंडी पांढरी पडली की मेली असं समजतात, म्हणून अनुभवी माणसंही इथे फसतात. फायटरची मुळातच पांढुरकी असतात. मेलेलं ओळखायचं ते त्यावरच्या कापसावरून. मादीच्या पोटाखाली एक पांढरा ठिपका दिसतो, तेही अंडं नव्हे, ती अंडी सोडायची नळी. आणि एकटी मादीही कधी अंडी टाकते. ती फळत नाहीत.

मीलनात नर मादीभोवती कमान करून वळतो. मग मादी काही क्षण बेशुद्धासारखी तरंगते आणि अंडी खाली पडायला लागतात, कारण ती पाण्यापेक्षा जड असतात. नर खाली झेप घेतो, एकेक तोंडात घेतो आणि वर फेसात ठेवतो. पुन्हा मिठी, पुन्हा वेचणी, काही तास. सगळं आटोपलं की मादीला बाहेर काढायचं, नाहीतर नर तिला मारतो, आणि ती अंडीही खाते. नराला ठेवायचं. काही अंडी तोही खातो, बहुधा खराब झालेली. एक ते दोन दिवसांत पिल्लं फुटतात आणि फेसाला शेपटी खाली करून लोंबकळतात, बारीक स्वल्पविरामांसारखी. एखादं सुटून पडलं की बाप परत वर नेतो. आणखी दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहू लागली, की मग बापाची पाळी बाहेर जायची.

थायलंडमध्ये पाण्यात देशी बदामाचं वाळलेलं पान टाकतात. तीच झाडं आपल्याकडे मुंबईच्या फुटपाथवर आहेत. या वेळी मीही एक पान धुऊन टाकलं आहे. परवा संध्याकाळी नरानं अंडी तोंडात घेतली, आणि मी जाळी माळ्यावर ठेवून दिली.