‘नाइस’ शब्दाची वाटचाल

श्रोतेहो, इंग्रजी शिकणारं पोर कोणत्याही चांगल्या वस्तूला चटकन ‘नाइस’ म्हणतं. पण या शब्दाचं मूळ ऐकाल, तर हसू येईल. लॅटिन भाषेत ‘नेस्कियुस’ म्हणजे न जाणणारा, अडाणी! जुन्या फ्रेंचमध्ये त्याचाच झाला ‘मूर्ख’. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, फ्रेंच ही दरबारची भाषा झाली. आणि सन १३०० च्या सुमारास हा शब्द त्याच अर्थाने इंग्रजीत शिरला.

पुढे मूर्खाचा झाला नखरेल, नखरेलाचा चोखंदळ, चोखंदळाचा काटेकोर. आणि अठराव्या शतकात ‘छान’! १८१७ च्या अखेरीस निघालेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत जेन ऑस्टेनने या शब्दाच्या सरसकट वापराची थट्टाच केली आहे.

आपल्याकडेही पाहा ना! जुन्या धर्मशास्त्रात ‘साहस’ हा बळजोरीचा गुन्हा होता. आज तो गुण आहे.

तेव्हा गुरुजी, जुना ग्रंथ शिकवताना शब्दाचा काळ आधी विचारावा. नाहीतर चौदाव्या शतकातल्या लेखकाने ज्याला मूर्ख म्हटलं, त्याला आपण भला माणूस समजून बसू.