बैलाची भूक

मोठ्या चुकीला आपण घोडचूक म्हणतो. त्या चुकीत घोडा कुठेच नसतो. आकार दाखवण्यापुरता तो येतो. ग्रीकांनी हे काम बैलाला दिले होते. थोराड पोर म्हणजे ‘बैलपोर’ आणि अनावर भूक म्हणजे ‘बैलभूक’. ‘बूस’ म्हणजे बैल, ‘लिमोस’ म्हणजे उपासमार. या जोडशब्दाचाच पुढे लॅटिनच्या वाटेने इंग्रजीत ‘बुलिमिया’ झाला. आपल्या भस्म्या रोगाचा हा परदेशी भाऊबंद.

पण भस्म्या म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो ताटावर बसलेला, खातच सुटलेला माणूस. ग्रीकांची बैलभूक वेगळी होती. इ.स.पूर्व ४०१ च्या हिवाळ्यात झेनोफन आपल्या भाडोत्री ग्रीक सैनिकांबरोबर आर्मेनियाच्या बर्फातून मायदेशी परतत होता. चालता चालता माणसे कोसळू लागली. त्यांना काय झाले, हे त्याला कळेना. कुणा जाणत्याने सांगितले, ही बैलभूक आहे, पोटात काही गेले की उठतील. मग सामानाच्या जनावरांवर जे काही खाण्याजोगे सापडले ते वाटले गेले. माणसे खाऊन उठली आणि चालू लागली.

सीझरचा मारेकरी ब्रूटस यालाही पुढे बर्फातच या भुकेने गाठले. छावणीत अन्न नव्हते. त्याच्या शिपायांनी थेट शत्रूच्या वेशीवर जाऊन पहारेकऱ्यांकडे भाकरी मागितली, आणि त्यांनी ती आणून दिली! शहर हाती आल्यावर ब्रूटस तिथल्या लोकांशी माणुसकीने वागला, असे प्लुटार्क सांगतो.

याच प्लुटार्कच्या गावी, खैरोनियात, बैलभूक हाकलण्याचा विधी होता. एका गुलामाला निर्गुंडीच्या जातीच्या झाडाच्या छड्यांनी मारत दाराबाहेर काढायचे; भुकेने जावे, धनधान्य आणि आरोग्य यावे, असे म्हणायचे. घरोघरी हे चाले आणि गावाच्या वतीने मुख्य अधिकारीही करी. त्या पदावर असताना प्लुटार्कने स्वतः तो केला होता. आपली ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ ही हाक याच्या फार जवळची. फक्त आपण सूप बडवतो, ते माणूस बडवत. आणि माणूसही कोणता, तर घरात ज्याच्या वाट्याला सर्वांत शेवटी अन्न येत असणार तो!

अरबांनी ग्रीक वैद्यक आपल्या भाषेत नेले, तेव्हा बैलालाही सोबत नेले. युनानी हकीम या दुखण्याला ‘जू-उल-बकर’ म्हणतात. ‘जू’ म्हणजे भूक; आणि ‘बकर’ ऐकून बकरी आठवू नका, अरबीत बकर म्हणजे गाय-बैल. उर्दू शब्दकोशात हा शब्द मला भेटला तेव्हा जुनी ओळख निघाल्यासारखे वाटले.

१९७९ मध्ये लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी एका आजाराला ‘बुलिमिया नर्व्होसा’ असे नाव दिले. त्यात माणूस झटका आल्यासारखा भरमसाट खातो आणि मग वजन वाढण्याच्या धास्तीने ओकारी काढतो किंवा जुलाब घेतो. इंग्रजीत आज बुलिमिया म्हटले की हाच अर्थ आधी मनात येतो. झेनोफनचा इलाज इथे चालत नाही. या रुग्णापुढे अन्न असतेच. धास्ती घालवायला महिनोन्महिने समुपदेशन लागते, कधी औषधेही.