आतड्याच्या अस्तरातले जागले

पूर्वी गावोगाव जागल्या असे. रात्री तो हाळी देई, परक्याला वेशीवर अडवी; पण दिसेल त्याच्या डोक्यात काठी घालीत नसे. वाचकहो, आपल्या आतड्याच्या अस्तरातही असे असंख्य जागले आहेत. त्यांना प्लाझ्मा पेशी म्हणतात.

१८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले की, धनुर्वातापासून सुरक्षित केलेल्या जनावराच्या रक्तात त्या रोगाच्या विषावर उतारा तयार होतो. हीच प्रतिपिंडे. पण ती बनवतो कोण? याचे उत्तर मिळायला अर्धशतक लोटले. १९४८ साली स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड फॅग्रेयस या विदुषीने सशाच्या प्लीहेचा अभ्यास करून सांगितले, हे काम प्लाझ्मा पेशींचे.

तरी सगळ्यांचे लक्ष रक्ताकडेच. रक्तात 'जी' वर्गाची प्रतिपिंडे अधिक. १९६५ साली बेल्जियमच्या क्रॅबे, हेरेमान्स आदी संशोधकांना मात्र आतड्याच्या अस्तरात मुख्यत्वे 'ए' वर्गाची प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी आढळल्या. ही प्रतिपिंडे जंतूंना अस्तराला चिकटू देत नाहीत, आणि तेही गाजावाजा न करता. 'जी' वर्ग मात्र इतर लढाऊ पेशींना बोलावून दाह पेटवू शकतो.

पुढे नॉर्वेच्या ब्रांटझेग यांनी दाखवले की, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन या आतड्याच्या चिवट दाहरोगांत 'जी' वर्गाच्या पेशी फार वाढतात. कुंपणच शेत खाऊ लागते म्हणा ना! मूळ बिघाड कुठला, हा वाद अजून मिटलेला नाही.

मग या इतिहासाचा आपल्याला उपयोग काय? महिनोन् महिने शौचातून रक्त आणि आव पडते, वजन घटते, आणि घरचे म्हणतात, "उष्णता झाली, ताक पी." कधी तो आमांश असतो, कधी आतड्याचा क्षय, तर कधी हा दाहरोग. तिन्हींवरचे उपचार निराळे. एकाचे औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते. म्हणून डॉक्टर दुर्बिणीने आतडे पाहतात, अस्तराचा कणभर तुकडा काढतात. अस्तराच्या तळाशी प्लाझ्मा पेशींची दाटी दिसली, तर दुखणे चार दिवसांच्या संसर्गाचे नसून जुनाट दाहाचे असावे, अशी खूण पटते.

गुरुजी, हा रोग पुष्कळदा ऐन तारुण्यात, कधी शाळेच्या वयातही सुरू होतो. एखादे मूल तासाला वरचेवर बाहेर जाऊ लागले, सुकत चालले, तर त्याला बाकावर उभे करू नका. त्याच्या आईवडिलांना बोलावून घ्या आणि दवाखान्याची वाट दाखवा. आतला जागल्या हाळी देत असतो. ती ऐकणारे कोणीतरी हवे.